चारही सर्वर हिरवे आणि साइट लटकलेली: लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेकची एक पूर्ण केस

सपोर्टवाल्या ताईंचा पहिला मेसेज सकाळी सव्वादहाला आला, "काही लोकांचं काहीच उघडत नाहीये आणि बाकीच्यांचं एकदम मस्त चाललंय, मी बघितलं तर माझ्याकडे उघडतंय." असल्या तक्रारीवर आपण सगळे जे करतो तेच मी केलं. स्वतःच्या ब्राउझरमध्ये साइट उघडली, झटक्यात उघडली, लोड बॅलन्सरचं, म्हणजे येणाऱ्या लोकांना अनेक सर्वरांमध्ये वाटून देणाऱ्या प्रोग्रामचं, स्टॅट्स पेज बघितलं, चारही सर्वर हिरवेगार, मग उत्तर टाकलं की आमच्याकडून सगळं ओके आहे, त्यांच्या इंटरनेटचा घोळ असेल. पुढच्या पाऊण तासात हेच उत्तर मी तीन वेळा दिलं. आता आठवलं की लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

आधी रचना सांगतो म्हणजे पुढचं कळेल. समोर दोन एचएप्रॉक्सी (हाच आमचा लोड बॅलन्सर), एक चालू आणि एक राखीव, दोघांमध्ये किपअलाइव्हड लावून एक फ्लोटिंग आयपी, म्हणजे चालू असलेला पडला तर साइटचा पत्ता राखीवकडे जातो. मागे चार अ‍ॅप सर्वर, प्रत्येकावर जावा ८ आणि जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा टॉमकॅट ९, आणि चौघांच्या मागे एकच पोस्टग्रेस डेटाबेस. वाटणी राउंड रॉबिन, म्हणजे आळीपाळीने प्रत्येकाकडे, पण लॉगिनचं सेशन त्या त्या सर्वरच्या मेमरीत राहायचं म्हणून कुकी लावलेली, म्हणजे माणूस पहिल्यांदा ज्या सर्वरवर गेला त्यालाच चिकटून राहणार. आणि कॉन्फिगमध्ये प्रत्येक सर्वरच्या ओळीत शेवटी 'चेक' हा एक शब्द. तो कोणी कधी लिहिला कोणालाच आठवत नव्हतं, पण लिहिलेला होता, पेजवर हिरवं दिसत होतं, त्यामुळे हेल्थ चेक, म्हणजे सर्वर ठीक आहे का हे लोड बॅलन्सरने ठरावीक वेळाने तपासणं, चालू आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

तक्रारी थांबेनात तेव्हा शेवटी लॉग उघडले. तिथे ५०४ ची, म्हणजे 'मागच्या सर्वरचं उत्तर वेळेत आलं नाही' ह्या एररची, रांग लागलेली, आणि प्रत्येक ओळीत सेशन कसं संपलं ते सांगणाऱ्या चार अक्षरांच्या कोडमध्ये सुरुवातीला 'एसएच'. एचएप्रॉक्सीच्या भाषेत ह्याचा अर्थ असा की सर्वरशी कनेक्शन झालं, रिक्वेस्ट गेली, पण उत्तराचे हेडर यायच्या आधीच सर्वर टाइमआउट संपला. आमचा टाइमआउट ५० सेकंद होता, म्हणजे माणूस पन्नास सेकंद गोल फिरणारं चक्र बघायचा आणि मग एरर. आणि सगळ्या ओळी एकाच सर्वरच्या, तिसऱ्या. कुकीमुळे जे तिसऱ्याला चिकटले होते त्यांचं प्रत्येक पान लटकत होतं, जे बाकी तिघांवर होते त्यांना कशाचा पत्ताच नव्हता, आणि मी सुदैवाने की दुर्दैवाने पहिल्या सर्वरला चिकटलेलो होतो. म्हणून माझ्याकडे 'सगळं ओके'. इनकॉग्निटो विंडो चार वेळा उघडली असती तर पाच मिनिटांत सापडलं असतं.

मग प्रश्न असा की तिसरा सर्वर मेलाय तर स्टॅट्स पेज त्याला हिरवा का दाखवतंय. माउस त्या खान्यात नेला तर बारीक अक्षरात होतं, एलफोर ओके, शून्य मिलिसेकंद. चौथा लेयर. म्हणजे फक्त टीसीपी, दोन मशीन्समधली नुसती जोडणी, त्यावरून पुढे काही उत्तर येतं का ते नाही.

ह्या गोष्टीवर मी थोडं थांबणार आहे, कारण 'पोर्ट उघडा आहे म्हणजे अ‍ॅप चालू आहे' हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की निघता निघत नाही. नुसतं 'चेक' लिहिलं आणि बाकी काही सांगितलं नाही की एचएप्रॉक्सी दर २ सेकंदांनी पोर्टवर टीसीपी कनेक्शन करून बघतो, जमलं की पास. ओळीने ३ वेळा नापास झाला तर सर्वर डाउन, मग ओळीने २ वेळा पास झाला की परत अप. आता टीसीपी कनेक्शन जोडताना होणारं ते तीन पायऱ्यांचं हँडशेक कोण करतं? तुमचा अ‍ॅप करत नाही, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतं. अ‍ॅपने एकदा 'ह्या पोर्टवर ऐकतोय' असं सांगून ठेवलं की पुढे येणाऱ्या प्रत्येकाला कर्नल स्वतःच 'या या, बसा' म्हणतं आणि रांगेत बसवून ठेवतं, आत मालक जागा आहे की झोपलाय की बेशुद्ध पडलाय हे ते बघत नाही. विश्वास बसत नसेल तर टेस्ट मशीनवर करून बघा, मी केलं. टॉमकॅटच्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल दिला, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी गोठली, एक ओळसुद्धा कोड चालत नाही, आणि लोड बॅलन्सरकडे मिनिटभर बघत बसलो तर हिरवाच! ही रांग भरली तर गोष्ट वेगळी, टॉमकॅटमध्ये ती डिफॉल्टने १०० ची असते, ती तुंबली की कर्नल नवीन लोकांना दाद देत नाही आणि मग कुठे चेक नापास होतो.

आमच्या बाबतीत तर तेवढंही होणार नव्हतं. टॉमकॅट गोठलेला नव्हता, त्याचा कनेक्शन स्वीकारणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला एक स्वतंत्र कामगार, वेगळा असतो आणि तो ठणठणीत होता, तो डिफॉल्टने ८१९२ कनेक्शनपर्यंत घेत राहतो. अडकले होते प्रत्यक्ष काम करणारे थ्रेड, डिफॉल्टने २००, आणि दोनशेच्या दोनशे एकाच जागी. थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची यादी, काढला तर सगळे सॉकेट रीडमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून उत्तर यायची वाट बघत, आणि गंमत म्हणजे स्टेटस 'रनेबल', म्हणजे चालू, कारण जावा ८ मध्ये नेटिव्ह कोडमध्ये वाट बघणारा थ्रेडसुद्धा रनेबलच दिसतो. नवीन माणूस तो डंप बघून म्हणेल की वा, सगळे कामात आहेत.

कशाची वाट बघत होते? पावतीची पीडीएफ बनवणारी एक वेगळी सर्व्हिस होती, ती महिन्यापूर्वी नवीन मशीनवर हलवली होती. तीन सर्वरांच्या कॉन्फिगमध्ये नवीन पत्ता गेला, तिसऱ्यात जुनाच राहिला. जुनं मशीन कोणी बंद केलं नव्हतं, तेही आपलं काम करत होतं, आणि त्या सकाळी त्याच्यावरची प्रोसेस लटकली. आता बघा, जुन्या मशीनचं पोर्ट उघडं, कर्नल हँडशेक करतंय, आत कोणी नाही. आमचा अ‍ॅप तिथे कनेक्ट झाला, रिक्वेस्ट पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसला, आणि जावाच्या साध्या एचटीटीपी कनेक्शनमध्ये रीड टाइमआउट तुम्ही दिला नाही तर तो शून्य असतो, शून्य म्हणजे अनंत. लोड बॅलन्सर ज्या थापेला फसला त्याच थापेला आमचा अ‍ॅपही फसलेला, फक्त एक पायरी मागे. पावती मागणारा प्रत्येक माणूस एक थ्रेड कायमचा घेऊन जात होता, दोनशे संपले आणि दुकान बंद.

आमच्याकडे रीडिस्पॅचचा ऑप्शन होता, म्हणजे एका सर्वरला कनेक्शन झालं नाही तर दुसऱ्याकडे पाठव. तो का चालला नाही असं आमच्या सरांनी विचारलं. तो कनेक्शन न झाल्यावर चालतो, इथे कनेक्शन दर वेळी होतच होतं. आणि राउंड रॉबिनऐवजी लीस्ट कनेक्शन, म्हणजे ज्याच्यावर चालू कनेक्शन सगळ्यात कमी त्याच्याकडे पाठवायचं, असं असतं तर तिसऱ्यावर लटकलेली कनेक्शन्स साठून निदान नवीन लोक तरी तिकडे गेले नसते, हेही तेव्हाच लक्षात आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे ह्यानेच मला फसवलंय.

दुरुस्ती काय, पत्ता बदलला, रीड टाइमआउट १० सेकंद टाकला, तिसरा रीस्टार्ट केला. त्याच्यावरचे सगळे लोक लॉगआउट झाले, थोडी आरडाओरड झाली, संपलं.

आता हेल्थ चेक नीट करायचा असं ठरलं आणि इथून माझी खरी चूक सुरू होते.

पहिल्यांदा नुसतं ऑप्शन एचटीटीपीचेक, म्हणजे नुसतं पोर्ट न बघता खरंच एक पान मागून बघणारा चेक, टाकून बघितलं. सर्वर हिरवे झाले, पण काय चेक होतंय बघितलं तर डिफॉल्टने तो ऑप्शन्स मेथडने मुख्य पत्ता मागतो, आणि २०० पासून ३९९ पर्यंत कुठलाही कोड आला की पास. आमचा लॉगिन फिल्टर विनालॉगिन आलेल्या प्रत्येकाला ३०२ देऊन लॉगिन पेजकडे पाठवतो. म्हणजे आतला अ‍ॅप अर्धा मेलेला असला तरी दारातला फिल्टर 'तिकडे जा' म्हणणार आणि लोड बॅलन्सर खूश. ते काढलं. आणि मग, आधीच्या घटनेने पोळलेलो असल्यामुळे, मी एक दणदणीत हेल्थ पेज लिहिलं. डेटाबेसला एक सिलेक्ट मारायचा, कॅशला पिंग, पीडीएफ सर्व्हिसला पिंग, डिस्कवर जागा किती ते बघायचं, सगळं ठीक असेल तरच २००, नाहीतर ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. स्टॅट्स पेजवर आता एलसेव्हन ओके दोनशे (सातवा लेयर, म्हणजे प्रत्यक्ष पानाचं उत्तर) असं दिसायला लागलं आणि मला फार भारी वाटलं. सगळ्यांना दाखवलं पण. आमचा डेटाबेसवाला मित्र तेवढा म्हणाला, "अरे डेटाबेस पडला तर काय होईल मग?" मी म्हणलं डेटाबेस पडला तर साइट पडणारच आहे ना, मग लोड बॅलन्सरला ते कळलेलं बरं. त्यालाही ते पटलं. दोघंही मूर्ख.

बारा दिवसांनी महिनाअखेर आली. कोणीतरी एक जड रिपोर्ट भर दुपारी चालवला, डेटाबेस मेला नाही, फक्त मंदावला. एरवी दहा मिलिसेकंदांत होणाऱ्या क्वेऱ्या तीन-चार सेकंद घ्यायला लागल्या. आमच्या प्रत्येक अ‍ॅप सर्वरवर हिकारी ह्या लायब्ररीचा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन्स, आकार डिफॉल्टचा म्हणजे १०, आणि पूल रिकामा असेल तर कनेक्शनसाठी थांबायची मुदत डिफॉल्टची ३० सेकंद. दहाच्या दहा कनेक्शन गुंतली, बाकीचे रांगेत. आणि त्याच रांगेत माझं हेल्थ पेजही उभं. चेकला वेगळा टाइमआउट दिलेला नव्हता, तेव्हा इंटर, म्हणजे दोन चेकमधलं अंतर, २ सेकंद, हाच त्याचा टाइमआउट. दोन सेकंदांत उत्तर नाही, नापास. तीनदा नापास, डाउन. आणि डेटाबेस चौघांचा एकच असल्यामुळे चौघंही काही सेकंदांच्या अंतराने डाउन. लॉगमध्ये ती प्रसिद्ध ओळ आली की बॅकएंडला एकही सर्वर उपलब्ध नाही, आणि साइटवर आलेल्या प्रत्येकाला ५०३.

इथे थांबून बघा काय झालं. साइट स्लो होती. हेल्थ चेकने ती बंद केली. ज्या पानांना डेटाबेस लागतच नव्हता, ज्यांचं उत्तर कॅशमधून गेलं असतं, जे लोक पाच सेकंद थांबायला तयार होते, सगळ्यांना आम्ही दारातूनच हाकललं, आणि सर्वर मात्र चारही व्यवस्थित चालू.

आणि ह्याच्या पुढचा भाग जास्त वाईट. रिपोर्ट दोनच मिनिटांत मारून टाकला, डेटाबेस मोकळा झाला, मला वाटलं आता येईल. आला, पहिला सर्वर हिरवा झाला. एकटाच. चेकची वेळ प्रत्येकाची थोडी पुढेमागे असते त्यामुळे चौघं एकदम येत नाहीत. तर चौघांचा ट्रॅफिक त्या एकट्यावर कोसळला, आणि साधा ट्रॅफिकही नाही, ज्यांचं सेशन दुसऱ्या सर्वरच्या मेमरीत होतं ते सगळे इथे अनोळखी, म्हणजे सगळ्यांना लॉगिन पेज, सगळे एकाच वेळी परत लॉगिन करतायत, आणि पासवर्ड हॅश तपासणं हे मुद्दाम महाग ठेवलेलं काम असतं. पूल भरला, चेक नापास, डाउन. तेवढ्यात दुसरा अप झाला, सगळे त्याच्यावर, परत लॉगिन, तोही गेला. मग तिसरा. वीस मिनिटं हे चारही सर्वर आळीपाळीने उठत होते आणि पडत होते. वर आणखी एक गोष्ट जी मला नंतर डंप बघताना सापडली. दोन एचएप्रॉक्सी आहेत आणि राखीव असलेला पण स्वतंत्रपणे चेक करत असतो, म्हणजे प्रत्येक सर्वरला सेकंदाला साधारण एक चेक. लोड बॅलन्सर दोन सेकंदांत कंटाळून निघून जातो पण टॉमकॅटचा थ्रेड मात्र पूलच्या रांगेत पूर्ण तीस सेकंद उभाच राहतो, त्याला कळतच नाही की विचारणारा गेला. म्हणजे पूलच्या रांगेत तीसच्या आसपास जण असे होते ज्यांना काही काम नव्हतं, ते फक्त तब्येत विचारायला आलेले. पेशंटला भेटायला आलेल्यांनीच डॉक्टरची वाट अडवून ठेवावी तसं.

सुटका कशी झाली, तर एचएप्रॉक्सीच्या अ‍ॅडमिन सॉकेटवर जाऊन चारही सर्वरांना जबरदस्तीने अप केलं आणि त्यांचे हेल्थ चेक बंद करून टाकले. चौघांमध्ये ट्रॅफिक वाटला गेला, मिनिटभर स्लो चाललं आणि मग सगळं सुरळीत. ती पूर्ण रात्र साइट कुठल्याही हेल्थ चेकशिवाय चालली आणि मी शांत झोपलो, हे लिहायला विचित्र वाटतंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो तेव्हा त्याच डेटाबेसवाल्या मित्राने जो प्रश्न विचारला त्यावर मग सगळं फिरलं. तो म्हणाला, "तुझं पेज डेटाबेस खराब आहे असं सांगतं. बरं. मग लोड बॅलन्सर काय करतो?" सर्वर काढतो. "सर्वर काढल्याने डेटाबेस बरा होतो का?" नाही होत. "मग त्याला सांगतोस कशाला?"

मी इतके दिवस हेल्थ चेकला मॉनिटरिंग समजत होतो. मॉनिटरिंगमध्ये जितकं जास्त कळेल तितकं चांगलं, कारण तिकडे शेवटी माणूस बघतो आणि ठरवतो. लोड बॅलन्सरला ठरवायला एकच गोष्ट येते, हा सर्वर ठेवू की काढू. तेव्हा त्याच्या चेकमध्ये फक्त अशाच आजाराला जागा आहे ज्यावर 'ह्याला काढा, बाकीचे सांभाळतील' हा इलाज लागू पडतो. थ्रेड संपले, हो, काढा. डिस्क भरली, काढा. अ‍ॅप अर्धवट सुरू झालाय, काढा. सामायिक डेटाबेस मंद, सामायिक कॅश पडलं, पीडीएफ सर्व्हिस गेली, ह्याच्यात काढून काय मिळणार, बाकीचे तिघं पण त्याच विहिरीचं पाणी पितायत. कुबरनेटिस ह्या कंटेनर (डबाबंद प्रोग्राम) चालवणाऱ्या प्रणालीत लाइव्हनेस आणि रेडीनेस असे दोन वेगळे प्रोब का ठेवलेत हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं, एकाच्या उत्तरावर कंटेनर रीस्टार्ट होतो आणि दुसऱ्याच्या उत्तरावर तो फक्त ट्रॅफिकमधून बाजूला होतो, कृती वेगळी म्हणून प्रश्न वेगळा.

मग नवीन पेज लिहिलं, नाव ठेवलं अलाइव्ह. हे कुठल्याही बाहेरच्या गोष्टीला हात लावत नाही. पण ते टॉमकॅटच्या त्याच कामकरी थ्रेडमधून जातं ज्यातून लोकांच्या रिक्वेस्ट जातात, हे मुद्दाम. कोणीतरी सुचवलं होतं की स्प्रिंग बूट ह्या जावा फ्रेमवर्कच्या वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर ठेवू, स्वच्छ दिसतं, पण तिथे थ्रेड वेगळे असतात, म्हणजे मुख्य दोनशे थ्रेड अडकले तरी तिकडून 'मी मजेत' असंच उत्तर येणार आणि आपण परत पहिल्या सकाळी. डिस्कसाठी एक बॅकग्राउंड काम दर १० सेकंदांनी छोटी फाइल लिहून बघतं, पेज फक्त शेवटचं लिहिणं कधी जमलं ते मेमरीतून वाचतं. डेटाबेस, कॅश, पीडीएफ हे सगळं जुनं पेज ठेवलंच आहे, फक्त ते आता मॉनिटरिंगवाला दर मिनिटाला वाचतो आणि गडबड असली की माणसाला फोन जातो.

लोड बॅलन्सरकडे बदल असे की पडायला ४ नापास आणि परत यायला ५ पास, म्हणजे घाईने परत येऊ नये, आणि स्लोस्टार्ट ६० सेकंद, त्यामुळे परत आलेल्या सर्वरचं वजन हळूहळू मिनिटभरात पूर्ण होतं. डिप्लॉयसाठी, म्हणजे नवीन आवृत्ती चढवताना, ४०४ वाला ऑप्शन लावला, तो मला फार आवडलाय. अलाइव्ह पेजने ४०४ दिला की सर्वर डाउन होत नाही, नवीन लोक तिकडे जात नाहीत पण चिकटलेले आपलं काम संपवू शकतात. आधी डिप्लॉय म्हणजे पाव पब्लिक लॉगआउट हे ठरलेलं होतं.

आणि सगळेच नापास झाले तर काय? ह्यावर आम्ही बराच वाद घातला. अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर सगळे टार्गेट अनहेल्दी झाले तर चेककडे दुर्लक्ष करून सगळ्यांनाच ट्रॅफिक पाठवतो. एन्व्हॉय हा दुसरा एक लोड बॅलन्सर तर त्याच्याही आधी, निरोगी सर्वर डिफॉल्टने ५० टक्क्यांच्या खाली गेले की पॅनिक मोडमध्ये जातो आणि सगळ्यांकडे वाटतो. मागचा विचार सरळ आहे, एक सर्वर आजारी असणं नेहमीचं, सगळे एकदम आजारी म्हटल्यावर शंका चेकवरच घ्यायची. एचएप्रॉक्सी आपणहून असं करत नाही, पण करून घेता येतं. तेच चार सर्वर, त्याच कुकीसकट, पण चेकशिवाय असलेला दुसरा बॅकएंड लिहिला, आणि पुढे अट घातली की मुख्य बॅकएंडमध्ये चालू सर्वर २ पेक्षा कमी असतील तर ह्या दुसऱ्याकडे जा. सर सुरुवातीला तयार नव्हते, "मेलेल्या सर्वरवर लोकांना पाठवायचं?" असं म्हणाले. मी म्हटलं सर, त्या दिवशी चारही मेलेले होते असं हा म्हणत होता आणि एकही मेलेला नव्हता. मग तयार झाले.

मध्ये एक छोटा प्रकार झाला तो पण सांगून टाकतो. पहिल्या घटनेवरून मी राउंड रॉबिनचं लीस्ट कनेक्शन केलं होतं. डेटाबेसचा पासवर्ड बदलायच्या कामात दुसऱ्या सर्वरवर चुकीचा गेला. आता ह्या सर्वरवर थ्रेड मोकळे, डिस्क मोकळी, अलाइव्ह पेज हिरवं, आणि लोकांना प्रत्येक क्लिकला ५००, तेही चार-पाच मिलिसेकंदांत. इतक्या झटपट उत्तर देणाऱ्यावर चालू कनेक्शन कधीच साठत नाहीत, म्हणजे लीस्ट कनेक्शनच्या नजरेत हा सगळ्यात मोकळा, मग येणारा जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस त्याच्याकडे. लटकणाऱ्या सर्वरपासून जे वाचवतं तेच झटपट नापास होणाऱ्याकडे लोकांना ओढून नेतं. आणि हा आजार 'काढा' ह्या इलाजाने बरा होणारा होता, बाकी तिघांचा पासवर्ड बरोबर होता, पण माझं उथळ पेज तो बघूच शकत नव्हतं. ह्यासाठी ऑब्झर्व्ह लेयर सेव्हन लावलं, ते खऱ्या लोकांच्या उत्तरांवर नजर ठेवतं, ओळीने ठरावीक संख्येने ५०० सारखे कोड आले की त्या सर्वरला काढ असं त्याला सांगता येतं. पण डेटाबेस सगळ्यांचाच गेला तर ह्यानेही सगळे निघतील, तिथे मग ती दोनपेक्षा कमीवाली अट कामाला येते. परत राउंड रॉबिनवर गेलो नाही, दोन्हीत काहीतरी खोट आहेच.

फार पूर्वी मी विंडोजच्या नेटवर्क लोड बॅलन्सिंगवर काम केलं होतं, तिथे नोड, म्हणजे गटातली मशीन्स, एकमेकांना दर सेकंदाला 'मी जिवंत आहे' असा हार्टबीट पाठवतात, ५ चुकले की उरलेले परत वाटणी करतात. मशीन बंद पडलं की छान चालायचं. पण त्याच मशीनवरचा वेब सर्वर बंद झाला तर हार्टबीट चालूच, आणि त्याच्या वाट्याचे लोक सरळ भिंतीवर. ते सांगायचा उद्देश एवढाच की हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता महिन्यातून एकदा आम्ही कमी गर्दीच्या वेळी मुद्दाम एक सर्वर गोठवतो, स्टॉप सिग्नल देऊन, आणि किती सेकंदांत बाहेर पडतो ते मोजतो, आठ ते दहा लागतात. तिसऱ्या वेळी मित्र म्हणाला, चल आज एचएप्रॉक्सीच गोठवू. गोठवला. साइट लटकली आणि लटकलेलीच राहिली, फ्लोटिंग आयपी हललाच नाही. किपअलाइव्हडमध्ये बघितलं तर चेकची स्क्रिप्ट म्हणजे इंटरनेटवर सगळीकडे सापडते ती एक ओळ, किलऑल शून्य सिग्नलसकट, जी फक्त एवढंच विचारते की ह्या नावाची प्रोसेस आहे का. गोठलेली असली तरी प्रोसेस आहेच. परत तेच, एक मजला वर! कंटिन्यू सिग्नल देऊन सोडवला, एचएप्रॉक्सीमध्ये मॉनिटर यूआरआय, म्हणजे ज्याला एचएप्रॉक्सी स्वतःच उत्तर देतो असा पत्ता, लावला, स्क्रिप्टमध्ये कर्ल ह्या कमांडने तो पत्ता मागायचा, मुदत १ सेकंद, दोनदा नापास झाला की प्रायॉरिटी २० ने खाली, म्हणजे आयपी राखीवकडे. पुढच्या महिन्यात परत गोठवला तेव्हा सातव्या सेकंदाला आयपी दुसऱ्या मशीनवर गेला. सपोर्टच्या ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी विचारलं, "झालं का तुमचं? मला तर काही दिसलंच नाही."